मैदान, आरक्षण आणि अपील : शाळेशेजारच्या जागेवर इमारत कशी उभी राहते?



नागरिकशास्त्र शिकवताना आपण नगरपालिकेची कामं पाठ करून घेतो. पाणीपुरवठा, दिवाबत्ती, साफसफाई, जन्ममृत्यूची नोंद. मुलं भराभर पाच कामं लिहितात आणि गुण मिळवतात. पण नगरपालिकेचं जे काम मुलांच्या रोजच्या जगण्यावर वीस-वीस वर्षं परिणाम करतं, ते आपण वर्गात एका वाक्यात उरकतो. ते काम म्हणजे नगररचना. कुठे घरं होणार, रस्ता कुठून जाणार, कोणती जागा मोकळी राहणार, हे ठरवणं. आज त्याविषयीच बोलू. एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू, म्हणजे कायद्याच्या कलमांत हरवायला होणार नाही.

समजा, तुमच्या शाळेच्या भिंतीला लागून एक-दीड एकराची मोकळी जागा आहे. मधल्या सुट्टीत मुलं तिथे खेळतात, क्रीडास्पर्धेची आखणी तिथेच होते, स्नेहसंमेलनाचा मांडव तिथेच पडतो. सगळा परिसर तिला 'शाळेचं ग्राउंड' म्हणतो. सातबारा मात्र दुसऱ्याच कुणाच्या नावावर आहे. एके दिवशी तिथे पत्रे उभे राहतात, आत जेसीबी येतो. पालक मुख्याध्यापकांकडे जातात, मुख्याध्यापक नगरसेवकांकडे. नगरसेवक म्हणतात, "बघतो." मग कोणीतरी म्हणतं, "आपण वर अपील करू."

इथेच पहिली गाठ बसते. कारण ते अपील आपलं नसतंच.

अपील कोणाचं असतं?

आपल्या राज्यात हा सगळा कारभार 'महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966' या कायद्याने चालतो. बोलताना लोक त्याला एमआरटीपी म्हणतात, आपणही तसंच म्हणू.

ज्याला बांधकाम करायचं आहे त्याने कलम 44 खाली नगरपालिकेकडे किंवा महानगरपालिकेकडे अर्ज करायचा. नगररचना विभाग नकाशे तपासतो. रस्त्यापासून किती अंतर सोडलं, चटई क्षेत्र किती वापरलं, जागेवर आरक्षण आहे का, हे पाहतो. मग कलम 45 प्रमाणे तीनपैकी एक गोष्ट होते : सरळ परवानगी, काही अटी घालून परवानगी, किंवा नकार. नकार दिला किंवा अटी घातल्या तर कारणं लेखी द्यावी लागतात. आणि साठ दिवसांत काहीच कळवलं नाही, तर परवानगी मिळाली असं कायदा मानतो. पण मानीव परवानगी मिळाली म्हणून काहीही बांधता येत नाही. बांधकाम आराखड्याला आणि विकास नियंत्रण नियमांना धरूनच असायला हवं. ही दुसरी अट बरेच जण विसरतात.

आता अपील. कलम 47 म्हणतं की परवानगी नाकारली गेली किंवा अटी जाचक वाटल्या तर अर्जदाराने आदेश मिळाल्यापासून 40 दिवसांत राज्य शासनाकडे अपील करावं. ते शासन ऐकतं किंवा शासनाने नेमलेला अधिकारी ऐकतो, आणि तो उपसचिवाच्या दर्जापेक्षा खालचा चालत नाही. अपील फेटाळलं जाऊ शकतं, मान्य होऊ शकतं, अटी बदलल्या जाऊ शकतात.

यातला 'अर्जदार' हा शब्द अधोरेखित करा. तुमचं स्वतःचं घर बांधायचा अर्ज नाकारला गेला तर हे कलम तुमचं आहे, आणि ते 40 दिवस जाऊ देऊ नका. साहेबांना भेटून, चहा पिऊन, "पुढच्या महिन्यात बघू" ऐकण्यात ते सहज निघून जातात. पण शेजारच्या जागेवर दुसऱ्याला मिळालेली परवानगी तुम्हाला खटकत असेल, तर या कलमात तुमचं नाव कुठेच नाही. शाळेचं नाही, पालक संघाचं नाही, त्या मैदानावर रोज खेळणाऱ्या मुलांचंही नाही.

अर्जदारालाही अपिलात सगळं मिळत नाही, हेही सांगायला हवं. जागेवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण असेल आणि त्यामुळे परवानगी नाकारली असेल, तर अपिलात आरक्षण उठत नाही. अपील परवानगीचं असतं, आराखड्याचं नसतं. आराखडा बदलायचा रस्ता वेगळा आहे, त्याकडे आपण येणारच आहोत.

बाहेर काय चालतं ते थोडक्यात पाहू, कारण आपल्यापैकी पुष्कळांची मुलं किंवा नातेवाईक तिकडे आहेत. इंग्लंडमध्ये शेजाऱ्याने मागे एक खोली वाढवायची म्हटली तरी कौन्सिलचं पत्र घरी येतं किंवा खांबावर सूचना लागते, आणि म्हणणं मांडायला साधारण 21 दिवस मिळतात. पण परवानगी दिली गेली, तर शेजाऱ्याला तिथेही अपील नाही. अपील अर्जदाराचंच. आयर्लंडमध्ये मात्र ज्याने आधी लेखी म्हणणं मांडलेलं आहे, तो तिऱ्हाईत माणूससुद्धा चार आठवड्यांत अपील करू शकतो. आपल्याकडे यातलं शेजाऱ्याला विचारण्याचं काम प्रत्येक इमारतीच्या वेळी होत नाही. ते होतं एकदाच, आणि खूप आधी. तेव्हा आपण बहुधा झोपलेले असतो.

आपल्याला विचारतात, पण केव्हा?

शहराचा विकास आराखडा तयार होताना. याला सगळे डीपी म्हणतात. कायद्याने तो साधारण वीस वर्षांतून एकदा नव्याने करावा लागतो. आधी आराखडा करायचा इरादा जाहीर होतो. मग शहरात सध्या कोणत्या जागेचा काय वापर चालू आहे, याचा नकाशा तयार होतो. त्यानंतर प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि नागरिकांकडून 'हरकती व सूचना' मागवल्या जातात. राजपत्रात आणि वर्तमानपत्रात जाहिरात येते, नकाशे पालिकेत भिंतीवर लावतात, हल्ली संकेतस्थळावरही टाकतात. मुदत बहुतेक ठिकाणी 30 दिवसांची असते. मुंबईच्या आराखड्याला 2015 मध्ये 60 दिवस दिले होते.

आलेल्या हरकती ऐकायला एक नियोजन समिती बसते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि नगररचनेची किंवा पर्यावरणाची जाण असलेले जास्तीत जास्त चार जण बाहेरून नेमलेले असतात. म्हणजे सगळे मिळून सातच्या आत. हरकत घेणाऱ्याला ही समिती बोलावते, त्याचं ऐकते, अहवाल देते. मग आराखडा शासनाकडे जातो. शासनाने त्यात मोठे बदल सुचवले, तर तेवढ्या बदलांसाठी पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. शेवटी मंजुरी मिळते.

वीस वर्षांचा निर्णय आणि बोलायला तीस दिवस! गणिताच्या तासाला हे प्रमाण काढायला द्या, मुलांना आपोआप कळेल की त्या तीस दिवसांची किंमत काय आहे.

आराखडे वेळेवर होत नाहीत, ही आणखी एक गंमत. पुण्याच्या जुन्या हद्दीचा 2007 ते 2027 या काळाचा आराखडा शासनाने मंजूर केला जानेवारी 2017 मध्ये. वीस वर्षांच्या आराखड्याची अर्धी वर्षं मंजुरीतच गेली.

हरकतींनी काही होतं का, असा प्रश्न पालक हमखास विचारतात. होतं. मुंबईचा 2034 पर्यंतचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांनी आपापल्या गल्लीचा नकाशा उघडून पाहिला आणि चुकाच चुका सापडल्या. हजारो हरकती गेल्या. एप्रिल 2015 मध्ये शासनाने तो आराखडा बाजूला ठेवून नव्याने दुरुस्त करायला सांगितलं. सुधारित आराखडा 2016 मध्ये आला, मंजूर झाला 2018 मध्ये. गोव्यात तर याहून जोरदार घडलं. 2006 मध्ये अधिसूचित झालेल्या 'प्रादेशिक आराखडा 2011' विरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि जानेवारी 2007 मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला.

यातून आपल्या ग्राउंडपुरता धडा एवढाच घ्या की सध्याच्या वापराच्या नकाशाकडे आधी लक्ष द्यायचं. तुमच्या शाळेशेजारची जागा त्या नकाशात 'मोकळी जागा' म्हणून दाखवली आहे की 'खेळाचे मैदान' म्हणून, यावर पुढचं पुष्कळ ठरतं. सर्वेक्षण करणारा माणूस मे महिन्याच्या सुट्टीत आला असेल, तर त्याला तिथे फक्त धूळ आणि दोन बकऱ्या दिसल्या असतील. त्याचा दोष नाही. त्याला सांगायला कोणी नव्हतं.

आरक्षण म्हणजे जागा मिळाली असं नाही

'आरक्षण' हा शब्द वर्गात उच्चारला की मुलांच्या डोक्यात नोकरी किंवा प्रवेश येतो. इथे त्याचा अर्थ वेगळा आहे. आराखड्यात एखाद्या जागेवर 'खेळाचे मैदान' किंवा 'प्राथमिक शाळा' असं लिहिलं जातं, म्हणजे ती जागा त्या सार्वजनिक कामासाठी राखून ठेवली जाते. मालक मालकच राहतो. फक्त त्याला तिथे दुसरं काही बांधता येत नाही. नगरपालिकेने पुढे जाऊन ती जागा ताब्यात घ्यायची असते. ती तीन मार्गांनी घेता येते : मालकाशी बोलून मोबदला देऊन, टीडीआर किंवा जादा एफएसआय देऊन, किंवा भूसंपादन कायद्याने.

आणि इथेच बहुतेक मैदानं हातची जातात. नकाशात हिरवा चौकोन दिसतो, आपण निर्धास्त होतो. पालिकेकडे पैसे नसतात. 2013 च्या भूसंपादन कायद्यानंतर शहरी भागात बाजारभावाच्या दुप्पट मोबदला द्यावा लागतो, तेवढी तरतूद लहान नगरपरिषदेच्या अर्थसंकल्पात कुठून येणार? टीडीआर घ्या म्हटलं तर मुंबई-पुण्यात त्याला गिऱ्हाईक असतं, तालुक्याच्या गावी तो कागदच राहतो. वर्षं जातात.

कायदा मालकालाही वाऱ्यावर सोडत नाही, आणि ते योग्यच आहे. विचार करा, एखाद्या कुटुंबाची तेवढीच जमीन आहे, मुलीच्या शिक्षणासाठी विकायची आहे, पण वर आरक्षण आहे म्हणून कोणी घेत नाही, आणि पालिका पैसेही देत नाही. असं किती वर्षं चालायचं? म्हणून कलम 127 आहे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत जागा संपादित झाली नाही किंवा संपादनाची कार्यवाही सुरू झाली नाही, तर मालक पालिकेला नोटीस देऊ शकतो. तिथून 24 महिन्यांत पालिकेने जागा घेतली नाही किंवा घेण्यासाठी पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण संपतं. लगतच्या जमिनीवर जे बांधता येतं ते मालकाला इथेही बांधता येतं. ही नोटिशीनंतरची मुदत पूर्वी सहा महिने होती, 2009 मध्ये बारा झाली, 2015 मध्ये चोवीस.

'पावलं उचलणं' म्हणजे काय, यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडणं गेली आहेत. गिरनार ट्रेडर्स खटल्यात 2007 मध्ये न्यायालयाने बहुमताने सांगितलं की पालिकेने नुसता ठराव करून वर पत्र पाठवलं, याला पाऊल म्हणत नाहीत. खरोखर संपादनाकडे नेणारी कृती हवी. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, कारण सभागृहात 'ठराव मंजूर' झाला की आपण टाळ्या वाजवून घरी जातो.

आता आपल्या उदाहरणातला जेसीबी परत आठवा. तो कदाचित बेकायदा नसेलच. पंधरा वर्षांपूर्वी आराखड्यात मैदानाचं आरक्षण पडलं, दहा वर्षं कोणी विचारलं नाही, मालकाने नोटीस दिली, चोवीस महिने फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरली, आरक्षण संपलं, रीतसर परवानगी मिळाली. कोणीही लाच न देता, कोणीही खोटी सही न करता मैदान गेलं. मुलांना 'भ्रष्टाचारामुळे मैदान गेलं' असं शिकवणं सोपं असतं. पण बरेचदा ते नुसत्या स्वस्थ बसण्याने जातं.

मधेच होणारे फेरबदल

वीस वर्षांच्या मधेही आराखडा बदलता येतो. कलम 37 खाली पालिका फेरबदलाचा प्रस्ताव करते, नोटीस प्रसिद्ध करते, एक महिन्यात हरकती मागवते आणि शासनाकडे पाठवते. बदलामुळे आराखड्याचं मूळ स्वरूप बदलता कामा नये, अशी अट आहे. या नोटिसा वर्तमानपत्रात आतल्या पानावर, बारीक अक्षरात येतात. 'मौजे अमुक, सर्व्हे क्रमांक तमुक, खेळाचे मैदान या आरक्षणातून वगळून रहिवास विभागात समाविष्ट करणे' अशी ती भाषा असते. सर्व्हे क्रमांक कोणाला माहीत असतो? म्हणून ज्या जागेत मुलांचा जीव गुंतलाय, तिचा सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक आणि आरक्षण क्रमांक शाळेच्या कार्यालयात ठळक लिहून लावा. मग ती नोटीस डोळ्यांखालून गेली तर ओळखू तरी येईल.

हरकत लिहायची कशी

इथे मराठीच्या शिक्षकांनी कान टवकारावेत. औपचारिक पत्र आपण परीक्षेसाठी शिकवतो : विषय, संदर्भ, महोदय, आपला विश्वासू. पण समितीपुढे जाणारी पत्रं पुष्कळदा अशी असतात :

"आमच्या भागातील मुलांवर घोर अन्याय होत असून मुले ही देशाचे भवितव्य आहेत. तरी कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा."

वाचायला बरं आहे, पण समितीने यावर करायचं काय? कोणती जागा, काय हवंय, का हवंय, काहीच नाही. याच पत्राला असं वळण द्या (क्रमांक आणि आकडे नमुन्याचे आहेत) :

"विषय : प्रारूप विकास आराखड्यातील सर्व्हे क्र. 118/2 ही जागा रहिवास विभागात दाखवल्याबाबत हरकत.

महोदय, वरील जागा आमच्या शाळेच्या पूर्वेकडील भिंतीला लागून आहे. शाळेत 640 विद्यार्थी आहेत व शाळेच्या स्वतःच्या आवारात खेळाचे मैदान नाही. या जागेपासून चालत पंधरा मिनिटांच्या अंतरात दुसरे कोणतेही सार्वजनिक मैदान नाही. परिसराचा नकाशा सोबत जोडला आहे. विद्यमान वापराच्या नकाशात ही जागा 'मोकळी' दाखवली असली तरी तेथे दरवर्षी शालेय क्रीडास्पर्धा होतात. छायाचित्रे व स्पर्धांची परिपत्रके सोबत आहेत. तरी सदर जागा 'खेळाचे मैदान' म्हणून आरक्षित करावी. संपूर्ण जागा शक्य नसल्यास शाळेलगतचा किमान अर्धा भाग आरक्षित करावा. सुनावणीच्या वेळी म्हणणे मांडण्याची संधी मिळावी."

फरक पाहा. यात विशेषण नाही, पण जागेचा क्रमांक आहे, मोजता येईल असं कारण आहे, पुरावा आहे, नेमकी मागणी आहे, आणि पहिली मागणी मान्य झाली नाही तर दुसरी तयार आहे. शेवटचं वाक्यही विसरू नका, सुनावणी मागून घ्यावी. दोन प्रती न्याव्यात आणि एका प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा. शिक्क्याशिवाय दिलेलं पत्र दिलं नाही असंच समजायचं.

शंभर पालकांनी एकाच छापील मजकुरावर सह्या करण्यापेक्षा दहा पालकांनी दहा वेगळी, खरी कारणं लिहिली तर सुनावणीत जास्त वजन पडतं असं माझं मत आहे. आजोबांना फिरायला जागा नाही, मुलीला रस्ता ओलांडून लांबच्या मैदानावर पाठवता येत नाही, पावसाळ्यात वरच्या बाजूचं पाणी याच जागेत मुरतं. ज्याचं जे आहे ते त्याने लिहावं.

आणि आधार हवाच असेल तर शिक्षण हक्क कायदा, 2009 ची अनुसूची उघडा. शाळेसाठी जी मानकं दिली आहेत त्यात खेळाचं मैदान आहे. जिची स्वतःची जागा अपुरी आहे अशा शाळेने हे पत्रात जरूर लिहावं.

जेसीबी आलाच, तर?

उशीर झालेला असतो, पण सगळे दरवाजे बंद नसतात. घोषणा द्यायच्या आधी कागद मागवा. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून विचारा : या जागेवर कोणतं आरक्षण होतं, आराखडा कोणत्या तारखेला अमलात आला, कलम 127 ची नोटीस आली होती का, तिच्यावर काय कार्यवाही झाली, बांधकाम परवानगीची आणि मंजूर नकाशाची प्रत. उत्तराला 30 दिवस लागू शकतात, म्हणून सोबतच नगररचना विभागातून त्या जागेचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढून घ्या. तो लवकर मिळतो.

परवानगीच नसेल, किंवा परवानगीपेक्षा जास्त बांधत असतील, तर प्रश्न सोपा आहे. विनापरवाना बांधकाम हा कलम 52 खाली गुन्हा आहे, पालिका कलम 53 ची नोटीस देऊन ते काढायला लावू शकते, आणि चालू काम कलम 54 खाली थांबवू शकते. तुम्ही लेखी तक्रार द्यायची आणि पाठपुरावा करायचा. परवानगी आहे, पण ती आराखड्याला सोडून दिलेली आहे, असं कागदांवरून दिसलं तर कलम 51 खाली पालिका ती रद्द करू किंवा बदलू शकते. मात्र काम बरंच पुढे गेल्यावर हा मार्ग उरत नाही. म्हणून इथे आठवड्यांचा हिशेब महत्त्वाचा.

शेवटचा दरवाजा उच्च न्यायालयाचा. 'तुमचा या जागेशी संबंध काय?' असा प्रश्न तिथे पूर्वी हमखास यायचा. त्याचं चांगलं उत्तर 1991 च्या एका निकालात आहे. बेंगळुरूच्या राजमहल विलास विस्तार वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून एका खासगी ट्रस्टला रुग्णालयासाठी दिली गेली. वसाहतीतले रहिवासी न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मोकळी जागा रहिवाशांसाठीच राखलेली असते, म्हणून तिच्यासाठी भांडायचा हक्क त्यांना आहे. आणि कायद्याने ज्या प्राधिकरणाला निर्णय घ्यायला सांगितलं आहे, त्याने तो स्वतः विचार करून घ्यायला हवा, वरून आलेल्या आदेशावरून नाही. ती जागा ट्रस्टला मिळाली नाही. ती रुग्णालयासाठी मागितली होती, इमल्यांसाठी नव्हे, हे लक्षात घ्या. चांगल्या कामासाठीसुद्धा मैदान सहज उचलता येत नाही.

पण उच्च न्यायालय म्हणजे वकील, खर्च, तारखा. पालक संघाच्या वर्गणीत ते बसवणं अवघड असतं. त्यापेक्षा आरक्षणाचं नववं वर्ष चालू असताना नगरपरिषदेच्या अर्थसंकल्पात 'आरक्षित मैदानाचे संपादन' अशी तरतूद मागणारं पत्र देणं कितीतरी स्वस्त आहे.

वर्गात काय करता येईल

सहावी-सातवीला आधी नकाशा द्या. आपल्या शहराच्या आराखड्याचा शाळेभोवतीचा भाग छापून आणा. पिवळा म्हणजे रहिवास, निळा व्यापार, जांभळा उद्योग. मुलांना आपलं घर, शाळा आणि मैदान शोधायला सांगा. मग नकाशा घेऊन बाहेर पडा आणि कागदावरची कोणती जागा प्रत्यक्षात तशीच आहे ते पाहू द्या. नकाशात बाग आणि जागेवर गॅरेज, असं एक तरी सापडतंच. तेव्हा मुलं जे प्रश्न विचारतात ते पुस्तकातल्या स्वाध्यायापेक्षा सरस असतात.

नववी-दहावीला नियोजन समितीची सुनावणी वर्गात भरवा. सात जण समितीत. एक गट मुलांच्या बाजूने, एक गट जमीनमालकाच्या कुटुंबाच्या बाजूने, आणि एक गट पालिकेच्या लेखा विभागाच्या बाजूने, ज्याला एवढंच सांगायचं आहे की तिजोरीत पैसे किती आहेत. मालकाची बाजू वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीला द्या, नाहीतर सुनावणी पाच मिनिटांत आटोपते. निकाल काय लागेल ते आधी ठरवू नका. शेवटी प्रत्येकाने समितीचा निर्णय कारणांसह दहा ओळींत लिहायचा.

गावाकडच्या शिक्षकांसाठी एक टीप. नगरपालिका नसलेल्या भागात डीपीऐवजी प्रादेशिक योजना असते, आणि चौकशी जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात करावी लागते. हाच उपक्रम गावठाणाच्या नकाशावरही छान होतो, तलाठी कार्यालयातून गटनंबर तेवढे आधी घेऊन ठेवा.

आणि हे सगळं करायच्या आधी एक तारीख शोधून फळ्याच्या कोपऱ्यात लिहा : आपल्या शहराचा आराखडा अमलात आला ती तारीख. तिच्यात दहा मिळवायचं काम पाचवीचं पोरही करेल.